रघुभाऊंनी वाचवलेला वेळ

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा आमच्या आणि कर्णिकांच्या घरात एकच भिंत होती. त्या भिंतीतून रघुभाऊ कर्णिक मला दिसण्याआधी ऐकू आले. दुपारी पाट सरकल्याचा आवाज, पाठोपाठ तोंड पोळल्यावर माणूस करतो तसलं हा-हू, मग घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. पहिल्या दिवशी मी घाबरून सासूबाईंना विचारलं, शेजारी काही झालं का. त्या म्हणाल्या, काही नाही गं, रघुभाऊ जेवतायत. वाफाळता भात भराभरा गिळायचा, जीभ भाजून घ्यायची आणि ती निवेपर्यंत पानावर हात वाळवत बसायचं, असं त्यांचं जेवण असे. घरात दोघंच, त्यामुळे त्यांच्या पत्नी माई त्यांच्याबरोबरच पानावर बसत. त्या एकेक घास चवीनं खायच्या. आणि दोघं पानावरून उठायची ती एकदमच.

रघुभाऊंचं सगळंच तसं होतं. दाढी अशी सपासप करायचे की नंतर गालाला वर्तमानपत्राचे चिटोरे चिकटवून रक्त थांबायची वाट पाहत ओटीवर बसावं लागे. वर्तमानपत्र फाडलेलं असल्यामुळे ते वाचायला आमच्याकडे येत. गणपतीत तर फारच मजा. आळीतल्या सगळ्यांची आरती दुसऱ्या कडव्यात असताना रघुभाऊ शेवटचं कडवं संपवून, डोळे मिटून, हात जोडून मोकळे झालेले असत. नंतर मात्र त्यांना तसंच उभं राहावं लागे, कारण प्रसाद काही लवकर आरती संपवणाऱ्याला आधी मिळत नाही. एकदा माझ्या यजमानांनी त्यांना विचारलं, रघुभाऊ, एवढी घाई कशाला? ते म्हणाले, वेळ वाचला पाहिजे.

हे त्यांचं आवडतं वाक्य. उठता बसता वेळ वाचला पाहिजे. वाचलेल्या वेळात ते काय करत, हे आमच्या आळीतल्या कुणालाही कधी कळलं नाही, कारण आम्हाला ते कायम कशाची तरी वाट बघत बसलेलेच दिसत.

अशा माणसाच्या हाती मोटार लागली. लढाई संपल्यावर सरकारनं मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्या डिस्पोजलच्या गाड्यांतली एक रघुभाऊंनी उचलली. लढाईत ते स्वतःही होते, असं ते सांगत. माईंच्या म्हणण्याप्रमाणे ते कुलाब्याच्या गोदामात ब्लँकेटं मोजायला होते. पण गाडीत बसलं की त्यांच्या अंगात एकदम सगळी पलटण शिरायची. गाडीचा रंग शेवाळ्यासारखा, एक दार काथ्यानं बांधलेलं, आणि भोंगा असा की पनवेलात वाजला तर जासईची म्हैस कान टवकारील. ती गाडी त्यांनी पनवेल ते मोरा अशी भाड्यानं चालवायला काढली. मोऱ्याला उरणचा धक्का, तिथून मुंबईची लाँच. पनवेलची निम्मी माणसं तेव्हा मुंबईला तशीच जात.

गाडी आली त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा माईंना बसवलं. माईंचं माहेर मोऱ्याचंच, बंदराच्या अगदी वर. आई म्हातारी, दात नाहीत, आणि तिला लेकीच्या हातचं वालाचं बिरडं फार आवडायचं. माईंनी वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नारळाच्या रसात बिरडं केलं होतं आणि पातेलं मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं. पुढे काय झालं ते माईंनीच मला सांगितलं. गव्हाणच्या अलीकडे निम्मं बिरडं लुगड्यावर होतं, आणि गव्हाणच्या पलीकडे उरलेलं निम्मं. माईंनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभ्या राहिल्या. मागून उरणची बस आली, तिला हात केला आणि तिच्यात बसल्या. रघुभाऊ चिडले, त्यांनी गाडी आणखी जोरात हाणली. आणि मोऱ्याला धक्क्यापाशी गाडी थांबवून ते खाली उतरतात तो बस मागे येऊन उभी. माई रिकामं पातेलं घेऊन खाली उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ज्या दिवशी बसच्या आधी इथं पोचून माझी वाट बघत उभे दिसाल, त्या दिवशी बसेन तुमच्या गाडीत. तोवर नाही."

रघुभाऊंना वाटलं, त्यात काय, पुढच्याच आठवड्यात. बस ती केवढी धूड, कशी रखडत चालते. त्यांनी अट तिथल्या तिथे कबूल केली. मी पनवेलला आले तेव्हा त्या गोष्टीला कित्येक वर्षं झाली होती आणि माई अजून बसनंच माहेरी जात होत्या.

गाडीतली पुढची सीट त्या दिवसापासून रिकामी. रघुभाऊंची काळी टोपी तिथं ठेवलेली असायची. मागे माणसं कोंबलेली, एकाच्या मांडीवर दुसऱ्याची ट्रंक, आणि पुढे टोपी ऐसपैस बसलेली. कुणी म्हणालं, रघुभाऊ, मी पुढे बसतो, तर ते म्हणायचे, ती जागा भरलेली आहे. बाहेरगावची माणसं टोपीकडे बघत राहायची. पनवेलची माणसं बघायची नाहीत, त्यांना माहीत होतं.

ही शर्यत मी पहिल्यांदा पाहिली ती रघुभाऊंच्या गाडीतून माहेरी गिरगावात जाताना. उरणची बस चालवायचे उस्मानभाई. स्वभावानं इतके शांत की त्यांच्या बसमध्ये तान्ही मुलंसुद्धा रडत नसत. बस सुटली की रघुभाऊ सभ्य माणसासारखे ती वळणाआड जाईपर्यंत थांबत आणि मग भोंगा वाजवून निघत. पहिल्या मैलातच आम्ही बसला मागे टाकलं. रघुभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे रस्त्याकडे पाहायचं सोडूनच दिलं, आणि म्हणाले, "बघितलंत वहिनी? वाचला की नाही?" मी अंबाड्यातला गजरा शोधत होते. तो केव्हाच मागे रस्त्यावर पडला होता.

पुढे ओढ्यावरची मोरी आली. एका वेळी एकच गाडी जाईल अशी. तिच्यावर मिठाच्या बैलगाड्या, एकामागे एक. मिठागरांतून मीठ निघालं की त्या रस्त्यावर गाड्यांची रांगच लागायची, आणि मीठ वाहणारा बैल भोंग्याला भीक घालत नाही. आम्ही तिथं भोंगा वाजवत उभे. गाड्या संपल्या तेव्हा मागे बस येऊन सावकाश थांबलेली होती. उस्मानभाईंनी खिडकीतून हात काढून आदाब केला. पुन्हा आम्ही उधळलो, पुन्हा पुढे, आणि जासईच्या अलीकडे गाडी तापली. एवढी हाणल्यावर तापणारच. रघुभाऊ डबा घेऊन तळ्यावर पाणी आणायला पळाले. आमच्याजवळून बस गेली, उस्मानभाईंचा पुन्हा आदाब, आणि खिडकीत माई, हातात पेरूची फोड. पाणी घालून निघालो, बस गावात माणसं उतरवायला थांबली होती, तिला मागे टाकलं, रघुभाऊ पुन्हा मागे वळून मला म्हणाले, वाचला. मग म्हशी आल्या. मोऱ्याला आम्ही शिरलो तेव्हा बसचं पुढचं चाक आमच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला होतं, म्हणजे उतरून माईंची वाट बघत उभं राहायला सवडच नाही. रघुभाऊ म्हणाले, आज थोडक्यात हुकलं. ते दर वेळी थोडक्यातच हुकत असे.

मोऱ्याला पोचल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे गाडीचं तोंड पनवेलकडे वळवून ठेवणं. माणसं अजून उतरताहेत, कुणाचं धोतर काथ्यात अडकलंय, आणि गाडी गर्रकन फिरायची. इंजिन बंद करायचे नाहीत. कुणाला निरोप द्यायला थांबणं तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एका म्हातारीची ट्रंक अशीच परत पनवेलला गेली होती.

आता मोऱ्याची एक गोष्ट तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ओहोटी लागली की धक्क्यापुढे चिखलच चिखल. लाँच लांब उभी राहते आणि पाणी चढेपर्यंत हलत नाही. रघुभाऊंना तर भरती-ओहोटी तिथीसकट पाठ होती. आज चतुर्थी, आज मासळी उशिरा येणार, बाजारात आत्ता जाऊन उपयोग नाही, हे ते ओटीवर बसून सगळ्या आळीला सांगत. कायस्थाच्या घरात मासळीच्या बाबतीत चूक होत नाही. पण हाच माणूस स्टिअरिंगपुढे बसला की समुद्र त्याच्या डोक्यातून साफ निघून जायचा. जे ज्ञान पापलेटाला लागू होतं ते मोटारीलाही लागू होतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

आमच्या आळीत एक वकील होते. त्यांचं मुंबईच्या कोर्टात काम निघालं. त्यांनी रघुभाऊंना सांगितलं, काहीही करा पण लाँच मिळाली पाहिजे. एवढं ऐकल्यावर विचारायलाच नको. पागोटं दोन्ही हातांनी धरून वकील मोऱ्याला पोचले ते पांढरेफटक पडून. आणि समोर पाहतात तो पाणी नाही. लांबवर लाँच, मध्ये चिखल, चिखलात बगळे. रघुभाऊ कमरेवर हात ठेवून समुद्राकडे असे बघत होते की जणू त्यानं काहीतरी फसवाफसवी केली आहे. धक्क्यावर जानकी कोळीण रिकाम्या टोपलीला टेकून बसली होती. ती रोज पनवेलच्या बाजारात मासळी विकायला यायची, तिला सगळे ओळखत. ती म्हणाली, "रघुशेट, गारी तुमी पलवलीत, पन पानी कोन पलवल? बसा आता आमच्याबराबर." वकील बसले. थोड्या वेळानं बस आली, तिच्यातली माणसं आली आणि वकिलांच्या शेजारी ओळीनं बसली. सगळे एकाच लाँचनं गेले. वकिलांनी नंतर बायकोला एवढंच सांगितलं म्हणे, की आपण मेलो नाही.

पेणच्या लग्नाची गोष्ट तर पनवेलात अजून सांगतात. वऱ्हाड बसनं, आणि नवरदेव इतमामानं रघुभाऊंच्या गाडीत. कर्नाळ्याच्या घाटात वऱ्हाडाची बस दिसेनाशी झाली आणि रघुभाऊ खूष झाले. गावाच्या वेशीवर नवरदेव इतका लवकर पोचला की मुलीकडची माणसं अजून अंघोळी करत होती. आता सीमांतपूजन झाल्याशिवाय वराला गावात घेता येत नाही, आणि वरमाय आल्याशिवाय सीमांतपूजन होत नाही. वरमाय बसमध्ये. तेव्हा नवरदेव मुंडावळ्या बांधून भर उन्हात वेशीबाहेर चिंचेखाली बसला. मुलीकडचा एक म्हातारा दुरून येऊन त्याला न्याहाळून गेला, पण रीत म्हणून बोलला नाही. एक बकरी मात्र जवळ आली आणि मुंडावळ्यांची एक लड खाऊन गेली. रघुभाऊ त्याला धीर देत होते, की काळजी करू नका, आपण बराच वेळ वाचवला आहे. शेवटी बस आली आणि सगळे एकदमच आत गेले. मुहूर्त होता तेव्हाच लागला.

एकदा मी माईंजवळ हा विषय काढला. मला खरंच कळत नव्हतं. गाडी एवढी जोरात जाते हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग वेळ जातो कुठे? माई चुलीपुढे होत्या. त्या म्हणाल्या, "तू भात करतेस ना? जाळ दुप्पट केलास तर भात निम्म्या वेळात मिळतो का?" मी म्हटलं, नाही, खाली लागतो. त्या म्हणाल्या, आणि समज नाही लागला, शिजला थोडा आधी. पण तांदूळ निवडायचे, धुवायचे, आधण यायचं, पानं मांडायची, माणसं हाका मारून बोलवायची, ह्याला तो जाळ काय करणार? ह्यांचा रस्ता तेवढाच. त्यात मोकळा असा कितीसा? मोकळ्यात पळतात, आणि अडल्यावर सगळ्यांबरोबर उभे राहतात. मग लाकूड मागे ओढत त्या म्हणाल्या, मला कळतं गं, पण त्यांना सांगून काय करू. कधीतरी त्यांनी जिंकावं असं मला पण वाटतं.

इतकी वर्षं मी समजत होते की अट घालून माईंनी नवऱ्याची जिरवली आहे. त्या बसच्या खिडकीत बसून दर वेळी नवऱ्याच्याच बाजूनं शर्यत बघत होत्या, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि एकदा तो दिवस आलाच.

मी पुन्हा माहेरी निघाले होते. बस भरलेली, म्हणून रघुभाऊंच्या गाडीत बसले. बरोबर एक गुजर शेटजी, त्यांना मुंबईच्या बाजारात पोचायचं होतं, आणि आणखी दोघं. पुढे टोपी. माई बसमध्ये, मांडीवर बिरड्याचं पातेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. नेहमीप्रमाणे निघालो, बस पुढे गेली, आम्ही मिठाच्या गाड्यांत अडकलो. गव्हाणच्या पुढे वळण घेतलं आणि पाहतो तो बस रस्त्याच्या कडेला. इंजिनावरचं टोपण उघडलेलं, उस्मानभाई कमरेपर्यंत आत, आणि माणसं झाडाखाली पांगलेली. त्यांत छत्री उघडून माई.

रघुभाऊंनी गाडी हळू केली नाही. भोंगा वाजवला, तोही लांबलचक, आणि आम्ही सुसाट पुढे निघालो. पुढचा रस्ता मोकळा. ना बैलगाडी, ना म्हैस. इंजिनही त्या दिवशी थंड होतं. माझ्या मनात आलं, आज जिंकले. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्यांचा चेहरा मात्र जीभ पोळल्यावर व्हायचा तसा झाला होता. त्यांनी टोपीकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं, जे ते कधीच करत नसत. आणि गाडी थांबली.

शेटजींनी विचारलं, काय बिघडलं? रघुभाऊंनी गाडी मागे घातली आणि तशीच उलटी, तेवढ्याच वेगानं, बसपर्यंत नेली. आम्ही सगळे समोरच्या बाजूला आपटत गेलो. उलटं जातानासुद्धा हा माणूस वेळ वाचवत होता.

झाडाखाली गाडी थांबवून ते खाली उतरले. टोपी उचलून डोक्यावर घातली, दार उघडून धरलं आणि माईंना म्हणाले, "चल, बस."

माई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, अट तशी नव्हती. आधी मोऱ्याला पोचायचं, मग मी बसायचं. रघुभाऊ म्हणाले, अगं पण बस बंद पडली आहे, मी तिकडे जाऊन उभा राहिलो तर तू इथंच. माई म्हणाल्या, मी चालत येईन. आणि खरंच पातेलं कडेवर घेऊन चालायला लागल्या. तेवढ्यात बसमधून उतरलेली जानकी कोळीण टोपलीसकट आमच्या गाडीत चढून शेटजींच्या अंगाला लागून बसलीसुद्धा. तिला कसलीच अट नव्हती.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. रघुभाऊ गाडीत बसले आणि माईंच्या शेजारून, त्यांच्या पावलांच्या चालीनं, गाडी चालवू लागले. पनवेल ते मोरा रस्त्यावर ज्यांच्या गाडीची धूळ बसायला संध्याकाळ होई, ते रघुभाऊ. पातेलं तरी गाडीत ठेव, असं ते म्हणाले. त्यावर माईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि पातेल्याचं पुढे नाव निघालं नाही. गाडी आचके देत चालली होती. शेटजी घड्याळ काढत होते, पुन्हा खिशात घालत होते, आणि लाँच, लाँच असं पुटपुटत होते. मीही मनातून चिडले होते, खोटं का सांगू. गिरगावात आई वाट बघत होती आणि इथं नवराबायकोचं हे चाललेलं. समोरून मिठाची बैलगाडी आली, तिच्यावरचा माणूस बैल थांबवून बघत राहिला. एका वासरानं तर आम्हाला मागे टाकलं.

जानकीनं हे बराच वेळ पाहिलं. मग डोकं बाहेर काढून म्हणाली, "माई, ही तं तुमची वरातच हाय. पन वरातीत नवरी चालत नाय, बसते."

माई थांबल्या. आधी रागावल्यासारखं केलं. मग त्यांना हसू आवरेना. पातेलं हिंदकळायला लागलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, आणि तशाच हसत हसत गाडीपाशी आल्या. रघुभाऊ घाईनं उतरायला गेले, धोतर पायात येऊन पडले, उठले आणि दार धरून उभे राहिले. माई पुढच्या सीटवर बसल्या. पातेलं मांडीवर घेतलं. रघुभाऊंनी टोपी काढून पातेल्याच्या झाकणावर ठेवली, धूळ नको म्हणून. गुजर शेटजी घड्याळ खिशात ठेवून चक्क टाळ्या वाजवू लागले.

गाडी त्याच चालीनं निघाली. खड्डा आला की रघुभाऊ थांबत, विचार करत, आणि मग एकेक चाक उतरवत. जासईला मागून आवाज आला. बस दुरुस्त होऊन येत होती. रघुभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि हातानं खूण करून तिला वाट दिली. उस्मानभाई जाताना आदाब करायचंसुद्धा विसरले. खिडकीतून वाकून पुढच्या सीटकडे बघत होते.

मोऱ्याला आम्ही शेवटून पहिले पोचलो. आणि काय पाहतो, धक्क्यावर बसमधली सगळी माणसं ओळीनं बसलेली, पुढे चिखल, चिखलात बगळे, आणि लांब लाँच उभी. पाणी यायचं होतं. शेटजी जाऊन ओळीत बसले. उस्मानभाई म्हणाले, "रघुभाऊ, आज तर मुकाबला झालाच नाही." रघुभाऊ म्हणाले, "झाला की. मी हरलो." इतकं आनंदानं हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माईंनी टोपी उचलली, फडकं सोडलं आणि झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. बिरडं काठापर्यंत होतं.

त्यानंतर रघुभाऊ सुधारले असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी तशीच हाणली आणि ती तशीच जासईला तापली. गणपतीत त्यांची आरती तशीच आधी संपायची. फक्त आठवड्यातून एकदा, माई माहेरी निघाल्या की मागच्या सीटवर बसायला पनवेलात कुणी तयार नसे. ज्यांना घाई होती ते तर नाहीच, आणि ज्यांना घाई नव्हती ते म्हणत, त्यापेक्षा चालत जाऊ.

काही वर्षांनी माझ्या यजमानांची मुंबईला बदली झाली आणि आम्ही पनवेल सोडलं. सामान फार, म्हणून बसनं निघालो. रघुभाऊ आदल्या दिवशी म्हणाले होते, आम्ही दोघं मोऱ्याला येतो पोचवायला. मी म्हटलं, तुम्ही आणि पोचवायला? ते नुसते हसले. गव्हाणच्या पुढे आमच्या बसपुढे ती शेवाळी गाडी दिसली. तिच्यापुढे मिठाची बैलगाडी. रस्ता बाजूनं चांगला रुंद मोकळा होता, तरी रघुभाऊ बैलांच्या मागोमाग चालले होते. माई त्यांना बोटानं मिठागरातलं काहीतरी दाखवत होत्या आणि ते बघत होते. बस शेजारून जाताना मी खिडकीतून ओरडून विचारलं, "रघुभाऊ, आज वेळ वाचवायचा नाही का?"

ते म्हणाले, "पुष्कळ वाचवून ठेवलाय, वहिनी. आता खर्च करतोय."

मोऱ्याला ओहोटी होती, तेव्हा ती दोघंही आमच्याबरोबर येऊन बसली. माईंनी मला बिरड्याचा डबा दिला, पातेल्यातलं त्यांच्या आईसाठी होतं. पाणी चढलं. आम्ही पडावाच्या होडीतून लाँचवर गेलो, सामान चढलं, भोंगा झाला. मी कठड्याशी उभी राहून धक्क्याकडे बघत होते. माझी खात्री होती की आता इंजिनाचा आवाज येणार आणि गाडी गर्रकन फिरणार. लाँच वळली, धक्का लहान लहान होत गेला, माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी काळ्या टोपीशेजारी छत्री दिसत होती. त्यांच्यामागे गाडी उभी होती, आणि तिचं तोंड समुद्राकडेच होतं.